मोहाखालचा दगड

आधीच सांगून ठेवते. माझे अक्षर कोंबडीने उकिरडा उकरावा तसे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मला कधी भरवसा नसतो. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला नाला ओलांडून जावे लागे, म्हणून माझे शिक्षण नाल्याच्या अलीकडेच राहिले. ही वही कोणाला दाखवायची नाही. तरी चुकून कोणाच्या हाती लागलीच तर त्याने चुका पोटात घालाव्या आणि वही पुन्हा पिठाच्या डब्यामागे ठेवून द्यावी.

हिंगण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंपनीच्या बसेस थांबतात, तिथून थोडे पुढे मोहाचे एक जुने झाड आहे. झाडाखाली काळा दगड बसवलेला आहे. थोर निसर्गलेखिका या झाडाखाली बसून लिहीत असत, असे त्यावर कोरले आहे. खाली त्यांच्या जन्माचे साल आणि मरणाचे साल. जन्माचे बरोबर आहे. मरणाचे दोन वर्षे आधीचे आहे. ही चूक कोरणाऱ्याची नाही. माझी आहे.

त्या लेखिका म्हणजे आमच्या बाई. मी त्यांच्याकडे अकरा वर्षे स्वयंपाकाला होते.

पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले तेव्हा बाईंनी मला नाव विचारले नाही, पोळ्या किती पातळ करतेस तेही विचारले नाही. विचारले, "येताना रस्त्यात माणूस सोडून काय दिसलं?"

मी खाली पाहत राहिले. मला कोणी काही विचारले की माझी जीभ टाळूला चिकटते. लहानपणापासून असेच आहे. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्या बहिणीने माझ्या वतीने घेतले होते.

"काहीच नाही दिसलं? पूर्ण रस्त्यानं?"

"एक कुत्रं," मी म्हणाले.

"काय करून राहिलं होतं?"

"झोपलं होतं."

"कोणत्या कुशीवर?"

हे मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी बघून आले. डाव्या. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी मला चाळीस पानांची वही दिली आणि रोज एक ओळ लिहायला लावली. माझ्या नोकरीत पगार, दिवाळीला साडी आणि ही ओळ, एवढे पक्के होते. अकरा वर्षांत अशा सात वह्या भरल्या. लिहायची सवय लागली ती तिथे.

बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केले नव्हते. घर त्यांचे होते, पण त्यांच्या मते त्यात त्या भाडेकरू होत्या. न्हाणीघर बेडकाचे. अंघोळीला जाताना दारावर टिचकी मारायची, म्हणजे तो मोरीत सरकतो. स्वयंपाकघर पालीचे. पुढची पडवी मुंग्यांची. मी रांगोळी काढायची तर मुंग्यांची रांग जिथून जाते तिथे रेघ तोडायची. शेजारच्या काकूंनी एकदा विचारले, "तुमच्या रांगोळीले खिंडार काहून असते?" मी नुसती हसले. बाई आतून म्हणाल्या, "तो हमरस्ता आहे."

फ्रिजच्या वरच्या कप्प्यात मेलेली फुलपाखरे असत, खालच्या कप्प्यात वांगी. मधल्या कप्प्यात काय होते ते मी कधी विचारले नाही. मोबाइल होता, पण तो पाखरांचे आवाज भरायला. फोन आला की आवाज बिघडतो म्हणून त्या फोन उचलत नसत.

त्यांनी तीन पुस्तके लिहिली होती. तिन्हींवर टोपणनाव. पूर्वी एका पेपरात दर आठवड्याला लेख यायचा, तोही त्याच नावाने. मग तो पेपरच बंद पडला. त्यामुळे नागपुरात त्यांना वाचलेले लोक पुष्कळ होते आणि पाहिलेले जवळजवळ कोणी नव्हते. शहर बसमध्ये केसात गवताची काडी अडकलेली, पर्समधून विजेरी काढून भर दुपारी झाडाच्या ढोलीत डोकावणारी म्हातारी म्हणजे ती लेखिका, हे कोणाच्या मनात येणार?

मोहाचे ते झाड त्यांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. रस्ता रुंद करायचा म्हणून त्याच्या खोडावर लाल फुली मारली गेली, तेव्हापासून बाई दर सोमवारी महापालिकेच्या कचेरीत पत्र पाठवत. मी टपालपेटीत टाकायची. चार वर्षे एकाही पत्राला उत्तर आले नाही. फुली पावसात पुसट झाली की कोणीतरी येऊन ताजी करून जाई.

"उत्तर देत नाहीत पण फुली वेळेवर रंगवतात," बाई म्हणायच्या. "कामसू लोक आहेत."

आता माझी चूक सांगते.

बाईंच्या शाळेने निरोपाच्या वेळी त्यांचा तरुणपणीचा फोटो मोठा करून दिला होता. दोन वेण्या, कडक साडी. सोबत चंदनाचा हार. फोटो पडवीत लावला. हार ठेवायला जागा नव्हती, म्हणून बाईंनी तो त्याच खिळ्याला अडकवला. जिवंत माणसाच्या फोटोला हार म्हणून शेजारच्या काकूंनी कपाळाला हात लावला. बाई म्हणाल्या, "खिळा एकच आहे." पुढे होळीच्या आसपास त्या हाराच्या टोकाला शिंजिराच्या मादीने घरटे बांधले. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढे पाखरू. कोळ्याचे जाळे, काड्या, कापूस असे काय काय आणून ते लोंबते घर विणते. त्यानंतर त्या हाराला हात लावायची सोयच राहिली नाही. दर वर्षी त्याच हारावर नवे घरटे.

दोन वर्षांपूर्वी बाई पंधरा दिवस काटोलकडे मैत्रिणीच्या संत्र्याच्या बागेत लिहायला गेल्या होत्या. मी रोज येऊन मुंग्यांना साखर आणि झाडांना पाणी घालायची. एक दिवस पडवीत बसून वर्षाच्या मिरच्यांची देठे काढत होते. डोळ्यांतून आणि नाकातून धारा. तेवढ्यात पांढऱ्या शर्टातला एक माणूस फाटकातून आत आला. हातात बाईंचे पुस्तक. मागच्या पानावर घरचा पत्ता असतो, त्यावरून आला होता. तो एका भाऊंचा माणूस होता. भाऊ म्हणजे भावी नगरसेवक. आमच्याकडे कितीक दिवस निवडणूक झाली नाही म्हणून चौकाचौकात भावी नगरसेवकांचे फलक लागलेले असतात. या भाऊंना फलकापेक्षा टिकाऊ काहीतरी करायचे होते.

त्याने मला पाहिले. मग हार घातलेला फोटो पाहिला. मग माझे डोळे पाहिले. त्याने चपला काढल्या.

"आजारी होत्या का?"

मी मान हलवली. मला कोणी काहीही विचारले की मी मान हलवते.

"का अचानकच झालं?"

मी तशीच मान हलवली.

तो फोटोपुढे वाकला. हाराजवळ त्याचे डोके गेले तशी शिंजिराची मादी घरट्यातून सुटली आणि त्याच्या कानाला घासून बाहेर गेली. तो दोन पावले मागे सरला. त्याच्या अंगावर काटा आलेला मला दिसला.

"बाईंचा जीव अजून इथंच घुटमळून राहिला," तो हळूच म्हणाला. "नका रडू, मावशी. आम्ही त्यांचं नाव ठेवू."

तो गेल्यावर मला सगळे नीट कळले. फाटकापर्यंत धावले. तो मोटारसायकलला किक मारत होता. मला फक्त 'थांबा' म्हणायचे होते. 'थांबा' हा शब्द मी तोंडात घोळवत उभी राहिले आणि तो कोपऱ्यावरून वळला.

बाईंना फोन केला. चौदा वेळा. फोन बहुतेक बुलबुलाचा आवाज भरत होता.

आठ-दहा दिवसांनी मला कार्यक्रमाचा निरोप आला. मी पदर घट्ट ओढून सगळ्यांच्या मागे उभी राहिले. मोहाखाली मंडप, लाउडस्पीकर आणि कापडाने झाकलेला दगड. बाजूला फलक: थोर लेखिकेस भावपूर्ण श्रद्धांजली, आणि खाली देणगीदारांची नावे आणि रकमा. आजूबाजूच्या दुकानदारांनीच वर्गणी दिली होती. पंक्चरवाला पन्नास, रसवाला दोनशे, शिंपी दीडशे, चहावाली शंभर, अशी सतरा नावे.

इतक्यात शहर बस थांबली आणि तिच्यातून बाई उतरल्या. खांद्याला पिशवी. काटोलहून येऊन घरी न जाता थेट इकडे, कारण मोहाच्या फुलांचे दिवस होते.

"काय वं, कोण गेलं?" त्यांनी मला विचारले.

मी फलकाकडे बोट दाखवले. बाईंनी चष्मा लावला. वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले.

"तरीच," त्या म्हणाल्या. "कालपासून कंबर दुखायची थांबली होती."

मला रडू फुटले. त्यांनी माझा दंड धरला. मी वर पाहिले तर त्या हसू दाबत होत्या, आणि ते दाबून सगळे अंगच हलत होते. किटली घेऊन फिरणारी एक ठसठशीत बाई आमच्यापाशी आली. तीच चहावाली. तिची टपरी मोहाला लागूनच आहे.

"घ्या आजी," ती बाईंना म्हणाली. "जास्त मनाले लावून घेऊ नका. लय मोठी बाई होती म्हंते. तुमच्या वळखीची होती का?"

"थोडी," बाई म्हणाल्या आणि चहा घेतला.

भाऊंचे भाषण झाले. बाई फार शांत होत्या, कोणावर कधी रागावल्या नाहीत, पाखरे त्यांच्या मांडीवर येऊन दाणे खात. "हे कोणाबद्दल बोलून राहिले?" बाईंनी मला विचारले. मग भाऊ म्हणाले, "आता हे झाड बाईंचं स्मारक आहे. या झाडाले कोणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे." आणि त्यांच्या इशाऱ्यावर एका माणसाने लाल फुलीवर चुना फासला. वर गेरूचा पट्टा ओढला.

बाईंचे हसणे थांबले. कापड काढल्यावर त्या दगडाजवळ गेल्या. दगडावर त्यांचे नाव बोटाएवढे होते आणि भाऊंचे हाताएवढे.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "माझ्या नावानं हे झाड कोणी वाचवलं नसतं. त्याच्या नावानं वाचेल."

मग त्यांना कोपऱ्यातले चित्र दिसले आणि चेहरा एकदम उतरला. कोरणाऱ्याने शोभा म्हणून झाड काढले होते. नारळाचे.

"नारळ," त्या म्हणाल्या. घरी पोचेपर्यंत बसमध्ये तीनदा म्हणाल्या. मरणाचे त्यांना काही वाटले नव्हते.

संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवले. मला वाटले, आता काढून टाकतील. मी सगळे सांगितले, मिरच्यांपासून. बाईंनी मध्ये एकदाच विचारले, "ती घाबरली नाही ना? घरट्यात परत आली?" मी म्हटले, आली. मग त्या बराच वेळ बोटे मोजत बसल्या.

"ऐक. मी जिवंत आहे असं आता सांगितलं तर भाऊंचं हसं होईल. ते रातोरात दगड उचलतील. दगड गेला की फुली परत येईल. चार वर्षं मी जिवंतपणी पत्रं लिहिली, एक फांदी वाचली नाही. मेल्यावर एका दुपारी झाड वाचलं. तेव्हा मी मेलेली बरी."

मी मान हलवली.

"पण त्या सतरा लोकांनी माझ्या मरणाचे पैसे दिले. मी मेले नाही. मग ते पैसे मी कोणत्या तोंडानं ठेवू? ती लबाडी झाली. एकेकाचे परत करायचे, आणि कशाचे ते कोणाला कळू द्यायचं नाही."

ही बाईंची तऱ्हा. एवढ्या मोठ्या खोट्याला त्या तयार होत्या, पण त्यातला छोटा खरेपणा सोडायला तयार नव्हत्या.

पुढचे काही महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात गमतीचे. शिंप्याचे दीडशे लवकर फिटले. बाईंनी जुन्या साड्या फॉल लावायला दिल्या आणि भाव वाढवून दिला. शिंपी म्हणाला, "आजी, लोक भाव कमी करतेत, तुम्ही काहून वाढवता?" बाई म्हणाल्या, "वय झालं, उलटं ऐकू येतं." रसवाल्याकडे आम्ही इतका संत्र्याचा रस प्यालो की मला आठवडाभर आंबट ढेकर येत होते.

पंक्चरवाल्याचे अवघड होते. बाईंकडे सायकल नव्हती. माझी होती. एका सकाळी बाईंनी पर्समधून बाभळीचा लांब काटा काढला, इकडेतिकडे पाहिले आणि माझ्या मागच्या चाकात खुपसला. मग माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच केले. मी सायकल ढकलत नेली. बाईंनी पंक्चरचे पैसे दिले, वर दहा जास्त. असे पाच वेळा. पाचव्या वेळी पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत म्हणाला, "ताई, तुमच्या घराकडे लय बाभळी हायेत का? एकच काटा दर बारीले येऊन राहिला." मी मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "त्या झाडाचा स्वभावच तसा आहे."

नारळाचे दुःख मात्र राहिलेच. मेलेल्या बाईला पत्र लिहिता येत नव्हते. म्हणून त्यांनी त्याच कचेरीला मला लिहायला लावले, माझ्या नावाने, माझ्या अक्षरात. दगडावर नारळ आहे तो मोहाचा करावा, नारळ इकडे होत नाही, आपली नम्र. महिन्याभरात उत्तर आले. आपला अर्ज विचाराधीन आहे. बाई पाकीट उलटसुलट करत राहिल्या. "चार वर्षांत मला एक ओळ नाही," त्या म्हणाल्या. "तुझा शिक्का चालतो, वं." ते माझ्या नावाने आलेले पहिले पत्र. मी अजून ठेवले आहे. नारळही अजून आहे.

सोळा जणांचे फिटले. राहिली ती चहावाली. तिचे शंभर काही केल्या फिटेनात, कारण ती भलतीच सरळ होती. दहाच्या चहाला बाईंनी वीस ठेवले की ती मागे धावत यायची. एकदा बाई मुद्दाम सुटलेल्या बसमध्ये चढल्या, तर तिने खिडकीतून दहाची नोट आत टाकली. वर म्हणाली, "आजी, ध्यान कुठं असते तुमचं? असं केलं तर सून घर विकून खाईल."

बाई दगडाच्या कडेला बसून चहा प्यायच्या. चहावालीला ते आवडत नसे. "अवं आजी, तिथं टेकू नका. मोठ्या बाईचा दगड हाय."

"तिला चालेल," बाई म्हणायच्या.

वर्ष झाले. पुन्हा होळी, पुन्हा हारावर घरटे. बाई पडवीतच स्टुलावर चढून विजेरीने अंडी मोजत होत्या आणि फाटक वाजले. भाऊंचा तोच माणूस. त्याने फोटोकडे पाहिले, स्टुलावरच्या बाईंकडे पाहिले, आणि चेहरे जुळवू लागला. बाई वरून माझ्याकडे पाहू लागल्या. बोलायचे कोणी?

मला आजही कळत नाही ते कुठून आले. मी म्हणाले, "या बाईंच्या मोठ्या बहीण आहेत. काटोलच्या."

अख्खे वाक्य. अनोळखी पुरुषापुढे.

बाईंनी स्टुलावरूनच मला नमस्कार केला. त्या माणसाला वाटले, त्याला केला.

तो पुण्यतिथीचे सांगायला आला होता. रस्त्याचा ठेकेदार झाड तोडायला पुन्हा मागे लागला होता. दगड उचलून एखाद्या बागेत नेऊ, झाड मोकळे होईल, असे वर चालले होते. "घरचं कोणी येऊन बोललं तर भाऊंचं वजन राहील," तो म्हणाला. "नाही तर आमच्या हातात काही राहत नाही."

बाई उतरल्या. "येते," म्हणाल्या. "पण मी तिच्याबद्दल खरं तेच बोलेन."

आणि बोलल्या. माईक हातात घेऊन, मोहाखाली, दोनशे लोकांपुढे. "माझी बहीण फार हेकट होती. मीठ खूप खायची. पोळ्या करणाऱ्या बाईला रोज छळायची. शांतबिंत काही नव्हती, मागच्या वर्षी तुम्हाला चुकीचं सांगितलं. पाखरं तिच्या मांडीवर कधी आली नाहीत, त्यांना अक्कल असते. एक गोष्ट तिला जमायची. ती एका जागी बसून बघायची. या झाडाला तिने बघितलं आहे. दगड इथून हलवाल तर दगडाला काही होणार नाही, पण त्या बघण्याची जागा जाईल." मग भाऊंकडे वळून म्हणाल्या, "आणि तो नारळ काढा."

लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. भाऊंनी माईक घेऊन सांगून टाकले की दगड इथेच राहील. ठेकेदार तिथेच खुर्चीवर होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या.

पण आमच्या शंभर रुपयांचे वाटोळे झाले. कार्यक्रम संपला तशी चहावाली कंबरेवर हात ठेवून आली. "तुम्ही मोठ्या बाईच्या सख्ख्या बहीण, आन मी वर्षभर तुमाले दगडावरून उठवून राहिली. आजपासून तुमच्याकडून चहाचे पैसे घेईन तर नावाची नाही."

बाईंनी खूप समजावले. ती ऐकेना. बाईंनी टपरीवर जाणे सोडून पाहिले. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "मोहाखाली चहाशिवाय बसता येत नाही." मग एक मार्ग काढला. त्या चहा प्यायच्या आणि मी वहीत रेघ मारायची. कुत्रं कोणत्या कुशीवर, त्याच्या खाली चहाची रेघ.

"उधार वाढून राहिलं," मी एकदा म्हणाले.

"वाढू दे. मी खरी मेले की तू देऊन टाक. सगळं सांगून दे. जिवंत माणसाचे पैसे ती परत करते. मेलेल्याचे कोणाला परत करेल?" त्यांनी एका पाकिटात हजार रुपये घालून माझ्याकडे दिले. वर लिहिले: चहा.

"सांगायचं कोणी?" मी विचारले.

"तूच. भाऊच्या माणसाला वाक्य बोललीस ना? आता तोंड उघडलं आहे तुझं, बंद होत नसते ते."

यंदाच्या होळीनंतर बाई गेल्या. सकाळी मी पोचले तेव्हा खुर्चीत बसलेल्या होत्या, विजेरी मांडीवर, पडवीकडे तोंड. मी नेहमीप्रमाणे रस्त्यात काय दिसले ते सांगायला लागले, दोन वाक्ये सांगून झाली आणि मग माझ्या लक्षात आले. दुसरा दगड करायचा नाही, आहे तोच वापरा, असे त्यांनी शेजारच्या काकूंना लिहून दिले होते. हार तर आधीपासूनच होता. घरट्यात दोन पिल्ले होती. लोक भेटायला आले तेव्हा मी दारात उभी राहून एकेकाला सांगितले, "हळू बोला. पिल्लं आहेत." सगळे हळू बोलले.

चहावालीकडे जायला मला वीस दिवस लागले. तीनदा बसमधून उतरले आणि पुढच्या बसने परत गेले. काल गेले. दुपारची वेळ होती, टपरीवर कोणी नव्हते. ती म्हणाली, "आजी काहून नाही आल्या इतके दिवस?"

मी सांगायला लागले. मिरच्या, हार, शिंजीर, बस, शिंपी, काटा. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते, म्हणून थांबलेच नाही. ती पातेल्यात पळी धरून ऐकत होती.

"म्हंजे," ती शेवटी म्हणाली, "जिच्यासाठी मी वर्गणी देल्ली, तिलेच मी चहा पाजून राहिली होती? आन तिलेच तिच्या दगडावरून उठवत होती?"

"हाव."

तिने पळी सोडली. आधी मला वाटले रागावली. मग तिचे खांदे हलायला लागले. हसता हसता ती बाकावर बसली, पदर तोंडात कोंबला, डोळे पुसले, पुन्हा हसली. दूध उतू गेले तरी उठली नाही. मग दगडाकडे वळली.

"खरंच गेली का आता?" तिने विचारले.

"खरंच."

"मंग आता दगड खरा झाला. वर्गणी राहू दे."

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही दिली तेव्हा खरा नव्हता. आणि चहा तुम्ही बहिणीला फुकट दिला होता. बहीण नव्हतीच. बाईंनी प्यायला आहे. तुम्ही नाही घेतले तर त्या उधारीत राहतील."

एवढे बोलून मी वही उघडली. चौसष्ट रेघा. सहाशे चाळीस आणि वर्गणीचे शंभर. तिने माझ्याकडून वही घेतली आणि एकेका रेघेवर बोट ठेवत स्वतः मोजल्या. मोजताना वरच्या ओळीही वाचत होती. खार शेंगदाणा घेऊन वर. कावळा तारेवर, ओला. मग दोन रेघांवर थांबली.

"या दोन दिवशी दूध फाटलं होतं माझं. त्या चहाचे मी कोनाकडूनच नाही घेतले. वीस कमी कर."

मी सातशे वीस दिले. तिने नोटा कपाळाला लावून डब्यात टाकल्या. हजारातले उरलेले दोनशे ऐंशी बाईंच्या पाकिटात तसेच आहेत. त्यातून मुंग्यांची साखर येईल.

आज सकाळी वहीत ओळ लिहिली. माणूस सोडून काय दिसले: मोहाची फुले पडायची थांबली, शेवटची सहा दगडावर होती. त्याखाली चहाच्या रेघेच्या जागी लिहिले: सगळे दिले.